आधी नदी बघा

परवा साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळचा चहा चालला होता. शेजारच्या देशपांड्यांनी सहज विचारलं, "तुम्ही सांगलीत होता ना इतकी वर्षं? तेही नदीच्या अगदी काठाला? काय असतं हो तिथं? पूर, डास आणि भिंतींना ओल!"

मी तोंड उघडलं ते पुढचा पाऊण तास मिटलंच नाही. देशपांड्यांचा चहा निवला. त्यांच्या सौभाग्यवती दोनदा येऊन जिन्यातून परत गेल्या. शेवटी आमच्या विद्यानंच माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "पुरे आता. तुमच्या अंगात आक्का शिरल्यात."

शिरल्याच होत्या. नदीकाठच्या राहण्याविषयी बोलायला लागलो की मी माझा राहतच नाही. आवाज चढतो, हात हलायला लागतात, आणि समोरच्या माणसाला उठवून लगेच कृष्णेवर न्यावं असं वाटू लागतं. ही लागण राजमती आक्कांची.

सांगली शहरातून पूल ओलांडला की आमचं उपनगर. त्याला चांगलं नाव आहे, कमान आहे, कमानीवर ते नाव रंगवलेलंही आहे. पण सांगलीतलं कोणी ते नाव घेत नाही. सगळे त्याला 'पलीकडं' म्हणतात. "कुठं राहता?" "पलीकडं." झालं. तिथून चालत निघालं तरी शहरातल्या भेळेच्या गाडीवर पोचेपर्यंत फार तर एखादं गाणं गुणगुणून होतं, इतकं शहर जवळ. आणि मागं वळलं की ऊस, केळी आणि सुगीत शिजवलेल्या हळदीचा वास. म्हणजे दवाखाना, कॉलेज, सिनेमा सगळं हाताशी आणि कोंबडा आरवलेलाही ऐकू येतो. पण हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला फक्त घर बघायचं होतं.

माझी बदलीची नोकरी. साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, आणि कुणीतरी सांगितलं, पलीकडं चौगुल्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. आम्ही दोघं भर उन्हात तिथं पोचलो. दार उघडलं ते एका उंच, काळ्यासावळ्या, काठीसारख्या सरळ बाईंनी. साठी उलटलेली, चष्म्याला दोरी, आणि हसल्या की सगळे दात दिसणार. ह्याच राजमती आक्का.

"गाव कंचं?" हा पहिला प्रश्न.

"कोरेगाव," मी म्हणालो. "ही सातारची."

"बरं. चला कोरेगावकर, नदीवर जाऊ."

"नाही, आम्ही घर बघायला आलो होतो."

"आवं, घर काय पळून जातंय व्हय? चार भिंती हाईत, उद्या बी असत्यात. आधी नदी बघा."

"येताना पुलावरून दिसली की."

"पुलावरनं एश्टी बी बघती. त्याला बघणं म्हणत न्हाईत."

आणि आम्ही दोघं, सामान रिक्षात ठेवून, त्या बाईंच्या मागून घाटाच्या पायऱ्या उतरलो. तिथं त्यांनी आम्हाला शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवलं आणि पाय पाण्यात सोडायला लावले. आमच्या कोरेगावची नदी उन्हाळ्यात रजेवर असते. भर वैशाखात पायाला एवढं गार पाणी लागण्याची मला सवय नव्हती. आक्का मात्र एखादं दुकान दाखवावं तशी नदी दाखवत होत्या. ती बघा होडी, भाजी घेऊन निघालीय. ती पोरं, रोज पुलाच्या खांबावरनं उड्या मारत्यात. समोर शहरातलं देऊळ, त्याची घंटा पाण्यावरनं येती, शहरातल्यांना सुद्धा एवढी गोड ऐकू येत न्हाई. आणि ह्या वळणाला माझी मळी. मळी म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. तिथं आक्का वांगी लावायच्या.

"असली वांगी जगात न्हाईत," त्या म्हणाल्या. पुढं कळलं की चातुर्मासात त्या स्वतः वांग्याला शिवत नसत. उरलेल्या महिन्यांत मात्र अख्ख्या गल्लीला खाऊ घालायच्या आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायच्या.

घर आम्ही त्या दिवशी पाहिलंच नाही. न बघताच हो म्हणून आलो. नंतर कळलं, स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही. पण विद्या म्हणाली, "लागली असती तर नदीचा वारा कुठून आला असता?" म्हणजे तिला माझ्याही आधी लागण झाली होती.

आक्कांची एक खोड होती. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी 'कोरेगावकर', विद्या 'सातारा'. त्यांची स्वतःची सून स्नेहल, तिलाही त्या 'आटपाडी' म्हणत. "ए आटपाडी, दळण आलं का गं?" अशी हाक गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. स्नेहल एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची, तिथल्या पेशंटांनाही हे नाव ठाऊक झालं होतं. ती गाल फुगवायची, पण ओ द्यायची.

आता सूर्याची गोष्ट सांगायला हवी.

आक्का जैन. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. हे व्रत पाळणारी घरं आमच्या गल्लीत पुष्कळ, पण आक्कांची तऱ्हा निराळी. घरात बसून घाईनं चार घास गिळणं त्यांना पटत नसे. त्या डबा घेऊन घाटावर यायच्या. समोरच्या काठावरच्या देवळाच्या कळसावर मावळतीचं ऊन असायचं. ते ऊन कळसावर आहे तोवर जेवायचं, कळस सोडला की हात धुवायचे. घड्याळ कशाला लागतंय?

एकटं माणूस घाटावर जेवायला बसलं की दुसरं येतं. मग तिसरं डबा घेऊन येतं. आम्ही गेलो तेव्हा निम्मी गल्ली ऊन कलताना घाटावर जेवत होती, आणि त्यात जैन किती नि इतर किती हे कुणी मोजत नव्हतं. कोपऱ्यावरची भडंगवाली लता तर रोज आपला भडंग आणून सगळ्यांच्या डब्यात मूठमूठ टाकायची. कुणाकडं दोडका, कुणाकडं झुणका, कुणाकडं खीर. महिन्याभरात मलाही साडेपाचलाच भूक लागायला लागली. आयुष्यात प्रथमच मी रोज आभाळाखाली जेवत होतो, आणि माझं पित्त कुठं गेलं ते कळलं नाही.

एकदा आमचे मेहुणे खंडाळ्याहून आले. न सांगता आले, आणि आले ते आठ वाजता. गल्लीतली एकूणएक चूल थंड. "हे गाव आहे की इस्पितळ?" ते मला म्हणाले. ते आक्कांना खाली ऐकू गेलं. पाच मिनिटांत भाकरी, भरलं वांगं आणि दही वर आलं, पाठोपाठ आक्का. समोर बसून त्यांनी मेहुण्यांना आग्रह करकरून वाढलं.

"आक्का, तुम्ही?" मेहुण्यांनी विचारलं.

"मला खायाची बंदी हाय, बघायची न्हाई. घ्या अजून एक."

त्यानंतर मेहुणे सांगलीला यायचे ते चार वाजताच पोचतील अशा बेतानं.

आणखी एक नियम होता आक्कांचा, तो मात्र थट्टेचा नव्हता. पाण्यात आपलं माणूस असलं की नदीकडं पाठ करायची नाही. आपलं म्हणजे गल्लीतलं कुणीही. रोज सकाळी त्या स्वतः पोहून यायच्या, सलवारीवर यजमानांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालून, आणि मग पायरीवर बसून पोहायला शिकणाऱ्यांवर नजर ठेवायच्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. तेलाचा रिकामा कॅन पाठीला बांधायचा, त्याची त्यांची एक खास गाठ होती, ओढली की घट्ट आणि बोट घातलं की मोकळी. त्या वेळी कुणी भेटायला आलं तरी मान वळायची नाही. एकदा वॉर्डातले पुढारी मताचं बोलायला आले, चांगले पांढऱ्या कपड्यांत, मागं चार माणसं. आक्का पाठमोऱ्याच. "बोला की. कान तिकडंच हाईत," म्हणाल्या. पुढाऱ्यांनी सगळं भाषण त्यांच्या अंबाड्याला केलं.

आणि मग महापूर आला.

पुराचं मी फार सांगत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि न पाहिलेल्यांना कळणार नाही. आधी घाट गेला, मग रस्ता, मग कमानीचे खांब. जो तो कोयनेतून किती सोडलं एवढंच विचारत होता. आमच्या गल्लीला होड्यांतून शहरातल्या शाळेत हलवलं. होडीत बायका मुलांना पोटाशी धरून बसल्या होत्या आणि वल्ही मारणारी माणसं कमी पडत होती. आक्का सगळ्यात शेवटी आल्या.

पाणी ओसरल्यावर घरी परतलो तेव्हा खालच्या मजल्यावर गुडघाभर चिखल. आक्कांनी खराटा घेतला आणि खिडकीतून नदीला म्हणाल्या, "आलीस ती आलीस, भवाने, गाळ तरी मळीत टाकायचास. माझ्या माजघरात काय वांगी लावू?" आम्ही इतके दमलो होतो, तरी सगळे हसलो. स्नेहल हसली नाही.

ती होडीत होती तेव्हा तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. आटपाडीकडं पाण्याची वाट बघत बायकांचं आयुष्य जातं, तिनं एवढं पाणी एका जागी कधी पाहिलंच नव्हतं. होडी पुलाच्या खांबाशी एकदा गर्रकन फिरली होती. त्या दिवसापासून ती घाटावर आली नाही. नदीकडची खिडकी तिनं बंद केली. आणि दसऱ्याच्या सुमारास तिनं आणि अभिनंदननं, म्हणजे आक्कांच्या मुलानं, विश्रामबागेत फ्लॅट बघितला. विश्रामबाग सांगलीतच, पण उंचावर, नदीपासून लांब.

गल्लीला वाटलं आता घरात महाभारत. तसं काही झालं नाही. आक्का म्हणाल्या, "जावा की. तुमचा संसार हाय. मी काय येत न्हाई, माझी मळी हितं हाय. पर आटपाडी, एक अट हाय माझी."

"काय?"

"पोहायला शीक, मग खुशाल जा. जायचं असलं तर जायाचं म्हणून जा. नदीला भिऊन जाऊ नगंस. एकदा भिऊन गेलीस तर पुढं सारखं पळायला लागतंय."

स्नेहल म्हणाली, "आत्या, तुमी मला मारणार बघा एक दिवस." पण तिनं अट मान्य केली. बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून.

आक्का कुणाजवळ रडल्या नाहीत. विद्यापाशी मात्र एकदा बोलल्या. वांगी खुडता खुडता, वर न बघता. "सातारा, पोरं गेली की मी ह्या घाटावर बसून करू काय? नुसत्या पाण्याकडं काय बघायचं? पाण्यात आपलं माणूस पायजे." विद्यानं मला हे सांगितलं, मी गल्लीला सांगितलं. मग आम्हा सगळ्यांनाच स्नेहलच्या पोहण्याची काळजी लागली, शिकली की जाणार म्हणून. मी स्वतः कॅन बांधून पोहायला शिकलो तेव्हा माझी इतकी चौकशी कुणी केली नव्हती.

सगळा उन्हाळा ती रोज पाण्यात उतरली. कॅन सुटला, हात चांगले पडायला लागले, श्वास जमला. पण पायऱ्यांच्या लगत. पाय टेकेल तिथपर्यंतच. दर चार हातांवर ती पाय खाली सोडून तळ आहे ना हे बघायची, आणि पायरी लागली की परत फिरायची. आक्का पायरीवरून बघायच्या.

"पोहायला येतंय तिला," त्या म्हणायच्या, "फकस्त तिला अजून म्हाईत न्हाई."

त्याच उन्हाळ्यात आक्कांच्या डोक्यात होडी शिरली. "पुरात बायका बसून ऱ्हायल्या आणि वल्हं मारायला माणसं न्हवती. हे काय बरं न्हवं," असं म्हणत त्यांनी एक जुनी शर्यतीची होडी मागून आणली. लता, विद्या आणि गल्लीतल्या आणखी बायका वल्ह्यांवर, मागं सुकाणू धरायला आक्का. घाटापासून निघायचं आणि मळीतल्या चिंचेपर्यंत जायचं. चिंचेखाली आक्कांचा गडी चहाची किटली घेऊन उभा असे. चहा आणि भडंग मिळणार म्हटल्यावर बायका जीव तोडून वल्ही मारायच्या. सरावाची अशी चटक लागली की आमची विद्या झोपेत हात हलवायची.

श्रावणात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती असतात. काठ माणसांनी फुलतो, पुलावर पाय ठेवायला जागा नसते. आक्कांनी जाऊन नाव दिलं. संयोजकांनी आधी हसून घेतलं, मग शेवटच्या फेरीत पुरुषांच्या दोन होड्यांबरोबर बायकांची होडी लावली. आमच्या गल्लीत जे काय चैतन्य आलं म्हणता! होडीला झेंडूचे हार, बायकांना एकसारखे हिरवे टी-शर्ट, त्याखाली कुणाची सलवार, कुणाचा काष्टा.

शर्यती तीनला सुरू व्हायच्या होत्या. आक्कांचं त्या दिवशी एकभुक्त होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. ते शर्यतीनंतर, चारपर्यंत होईल असा हिशेब. आक्कांना मधुमेह; त्यावरची रोजची गोळी त्यांनी दुपारीच घेऊन टाकली आणि डबा स्नेहलकडं दिला. स्नेहल होडीत नव्हती. मुलाला शेजारी सोडून ती माझ्याबरोबर घाटावर उभी होती. अभिनंदन व्हिडिओ काढायला पुलावर गेला होता.

पाहुणे आले साडेचारला. मग सत्कार, मग भाषणं. मग पाहुण्यांना पंचांच्या मोटरबोटीतून नदीची सैर. एकेक फेरी होत होत शेवटची फेरी लागली तेव्हा ऊन देवळाच्या भिंतींवरून वर सरकून शिखरावर गेलं होतं. स्नेहल सारखी तिकडं बघत होती. "आत्यांनी गोळी घेतलीया ओ," ती मला दोनदा म्हणाली.

झेंडा पडला आणि होड्या सुटल्या. काय सांगू! माझा घसा त्या दिवशी जो बसला तो आठवडाभर उठला नाही. आधी आपली होडी मागं. मग पुलाखाली ती सरळ झाली. आक्कांचा आवाज पाण्यावरून येत होता, "हां! वड! हां! वड गं सातारा!" आमच्या उपनगराच्या कमानीसमोर त्यांनी एका होडीला गाठलं, मागं टाकलं. पहिली होडी हातभरच पुढं. सगळा काठ ओरडतोय, पोरं काठानं पळताहेत. शेवटच्या झेंड्याला पहिली होडी जेमतेम पुढं राहिली आणि आपली दुसरी आली. दुसरी! मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली.

आणि मग सगळे टाचा उंचावून बघायला लागले. कारण आपली होडी थांबेना.

दुसऱ्या दोन्ही होड्यांनी झेंड्याला वल्ही वर केली. आपल्या बायका तशाच वल्ही मारत पुढं. थांबलेल्या पहिल्या होडीला त्यांनी सपाट्यानं मागं टाकलं आणि एकच कल्ला केला, "पहिल्या! पहिल्या!" लता उभी राहून हात हलवत होती. पंच कर्णा घेऊन ओरडतायत, "अहो ताई, संपली शर्यत!" पण सबंध उन्हाळा ज्यांनी चिंचेपर्यंत जायची सवय केली, त्यांना मधेच झेंडा कुठला दिसतोय? शर्यत चिंचेला संपते, तिथं चहा असतो, हे हातांनाच ठाऊक होतं. होडी वळणाआड दिसेनाशी झाली. काठावर असा काही हशा उसळला की पाहुणेही पोट धरून हसले.

हसलो आम्हीही. पण चिंचेखाली त्या दिवशी किटली नव्हती, गडी शर्यत बघायला आमच्याच शेजारी उभा होता. आणि आता होडीला प्रवाहाविरुद्ध परत यायचं होतं, दमलेल्या हातांनी. ती वळणावरून पुन्हा दिसली तेव्हा अगदी गोगलगाय झाली होती. घाटाच्या समोर नदीच्या मध्यावर येऊन जवळजवळ थांबलीच. मागं सुकाणू धरलेल्या आक्का पुढं झुकल्या होत्या. विद्या वल्हं टाकून त्यांना धरत होती.

शिखराचं ऊन गेलं होतं. फक्त कळस चमकत होता.

स्नेहल म्हणाली, "उपाशीपोटी गोळी घेतली, साखर उतरली त्यांची. आणि ऊन गेल्यावर त्या साखरेचा कण घ्यायच्या न्हाईत. मरतील पर घ्यायच्या न्हाईत." पंचांची मोटरबोट पाहुण्यांना सोडायला शहराकडच्या काठाला गेली होती. एक पोरगा म्हणाला, "वहिनी, डबा हिकडं द्या, मी जातो." मी वळून पाहिलं तर वहिनी जागेवर नव्हती. शेवटच्या पायरीवर तिनं ओढणीत डबा गुंडाळून पाठीवर घेतला होता आणि पुढं तीच गाठ मारत होती, आक्कांची. गाठ ओढली आणि तिनं पाण्यात उडी घेतली.

पहिले चार हात आम्ही सगळ्यांनी मोजले. इथं पाय खाली सोडणार, असं वाटलं. तिनं सोडला नाही. श्रावणातलं पाणी, ओढ होती. तिनं नाक ओढीच्या उलट, वरच्या अंगाला धरलं, आक्का शिकवायच्या तसं, आणि प्रवाह तिला बरोबर होडीकडं घेऊन चालला. घाटावरचा पोरगा तिच्या मागून निघालाच होता, पण तो पोचायच्या आत तिचा हात होडीच्या कडेला लागला. पुलावरून अभिनंदन ओरडत होता. काय ओरडत होता देव जाणे, तो व्हिडिओ मी पुढं पाहिला, त्यात नुसतं आभाळ आणि त्याचे बूट आहेत.

होडीतलं विद्यानं सांगितलं. स्नेहलला वर ओढलं. तिनं आधी गाठ सोडली, डबा उघडला, आणि गुळाचा खडा आक्कांच्या तोंडाशी धरला.

"दम खा, पोरी," आक्का म्हणाल्या.

"आधी गूळ! बोलू नगा!"

आक्कांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. आयुष्यात त्यांना कुणी असं दरडावलं नसेल. मग भाकरीचे दोन घास, दोडक्याची भाजी, बाटलीतलं पाणी. काठावर आम्ही सगळे, जैन आणि बिनजैन, माना वर करून कळसाकडं बघत होतो. "हाय, हाय, अजून हाय!" असं कुणीतरी ओरडत होतं. आक्कांनी चूळ भरली, हात जोडले, आणि कळस विझला. घाटावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शर्यत जिंकणाऱ्यांना वाटलं त्यांच्याचसाठी.

आक्कांना हुशारी आली. त्यांनी समोर निथळत बसलेल्या सुनेकडं नीट बघितलं.

"पाय कुठं टेकलास?"

"टेकलाच न्हाई."

"मग झालं तर. अट फिटली. आता खुशाल जा विश्रामबागला."

स्नेहलनं वेणी पिळली. "जाईन तवा जाईन," ती म्हणाली. "ते वल्हं आणा हिकडं. वहिनींचे हात बघा कसे फुटल्यात." आणि विद्याच्या हातातलं वल्हं घेऊन ती बाकावर बसली.

विश्रामबागचा फ्लॅट त्यांनी घेतला, आणि एक खोली आपल्याकडं ठेवून भाड्यानं दिला. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की सगळे तिथं जाणार, अगदी आक्कासुद्धा, असं स्नेहलनं ठरवून टाकलं. आक्कांनी ते ऐकलं. भाडेकरू निवडताना मात्र त्यांनी सवय सोडली नाही. त्या बिचाऱ्यांना राहायचं होतं नदीपासून लांब उंचावर, तरी आक्कांनी त्यांना आधी घाटावर आणून पाय पाण्यात सोडायला लावले.

पुढं माझी साताऱ्याला बदली झाली. निघालो ते संध्याकाळी. सामानाचा टेम्पो घाटाच्या रस्त्यानं पुलाकडं वळला, मागं रिक्षात आम्ही दोघं. घाटावर गल्ली जेवायला बसली होती. आक्का वरच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात भाकरी, तोंड रस्त्याकडं. "आवं कोरेगावकर! ए सातारा! नदी हितंच हाय, वाटंल तवा या!" त्या ओरडत होत्या आणि भाकरीचा हात हलवत होत्या.

मी हात हलवला, आणि मग माझं लक्ष त्यांच्या मागं गेलं. मध्यावर स्नेहल पोहत होती, पाठीला कॅन बांधलेल्या तिच्या मुलाला शेजारी घेऊन. आक्कांची नदीकडं पाठ होती. रिक्षा पुलावर चढेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.